सतरावी वाटी

१

ताघल्यात तीन वेळा चालतात. सरकारी वेळ, जुनी वेळ आणि पाण्याची वेळ.

सरकारी वेळ शाळेत, टपालात आणि बसच्या थांब्यावर. जुनी वेळ घरात आणि मशिदीत. ती सरकारीपेक्षा एक तास मागे. रमजान लागला की सरकार आपला तास काढून घेते आणि सगळे जुन्या वेळेवर येतात. महिना संपला की सरकार तो तास परत लावते. सरकार उपाशी असले की शहाणे असते, असे गावात म्हणत.

पाण्याची वेळ मात्र कोणाला मागेपुढे करता येत नसे. ती कद्दूरच्या हातात होती.

झऱ्याच्या तोंडाशी एक खोली. आत दगडी ओट्यावर पाण्याने भरलेले घंगाळ. त्यात तांब्याची वाटी तरंगत ठेवलेली, बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक. ती पाऊण तासात भरते आणि बुडते. बुडली की कद्दूर ती उचले, रिकामी करे, परत ठेवे, खजुराच्या दोरीला एक गाठ मारी आणि खिडकीतून पुढच्या पाळीवाल्याला हाक देई. त्याचे नाव, बापाचे नाव आणि "पाणी तुझं". पाळीवाला बागेतून "ऐकलं" म्हणे आणि आपल्या पाटाचे मातीचे दार मोडी. हाक दोनदा द्यायची. तिसऱ्यांदा नाही. दिवसाच्या सोळा वाट्या कद्दूरच्या, रात्रीच्या सोळा दुसऱ्या एका माणसाच्या. त्याला कद्दूर हिशेबात धरत नसे.

चाळीस वर्षे तो त्या ओट्यापाशी बसत होता. वाटीवर बसणाऱ्याची स्वतःची पाळी नसावी, हा तिथला कायदा. बसणारा पाणी वाटतो, घेत नाही. कद्दूरच्या बापाने ती जागा मिळावी म्हणून घरची पाळी सोडली होती. तेव्हापासून त्यांच्या अकरा खजुरी पावसावर होत्या, म्हणजे कशावरच नव्हत्या. रात्री बसणाऱ्या आधीच्या माणसाला बायकोच्या माहेराकडून अर्धी वाटी मिळाली, तेव्हा कद्दूरनेच पंचायतीत उभे राहून त्याला उठवले होते. तो माणूस रडला होता. कद्दूरने त्याला रुमाल दिला होता, जागा दिली नव्हती.

आता लख्दर कद्दूरला उठवायला बघत होता. लख्दर तीस वर्षे फ्रान्समध्ये मोटारींच्या कारखान्यात होता. येताना पेन्शन, दुखरा गुडघा आणि फोन घेऊन आला.

"फोनवर वेळ लावली की झालं," तो पंचायतीत म्हणे. "वाजेल. वाटीसारखा बुडणार नाही."

"तीच त्याची खोट," कद्दूर म्हणे. "जे बुडत नाही त्याचं भरलं कधी ते कोणाला कळणार?"

यावर लोक हसत आणि विषय पुढच्या बैठकीवर जाई.

२

रमजान होऊन तीन आठवडे झाले होते. फळ धरावे म्हणून खजुरीवर नर फुलोरा घालण्याचे दिवस. माणसे झाडांवर आणि बायका पाटांवर होत्या. मंगळवारी नववी वाटी हाजी तय्यबची होती. हाजी तय्यब पंचायतीचा प्रमुख. दहावी म्हाताऱ्या मसऊदाची, अकरावी लख्दरची.

नववी बुडाली. कद्दूरने वाटी उचलली, ठेवली, गाठ मारली आणि खिडकीशी गेला.

"मसऊदा बिन्त रहो, पाणी तुझं."

उत्तर नाही. त्याने दुसऱ्यांदा हाक दिली. तरी नाही. मग तो जागेवर येऊन बसला. दुपार फार शांत होती. कद्दूरला शांतता आवडे, म्हणून त्याने तिच्याबद्दल विचार केला नाही.

वाटी भरली, बुडाली. त्याने लख्दरला हाक दिली.

"ऐकलं," लख्दर लगेच ओरडला, आणि थोड्या वेळाने, "आज लवकरच की रे." पण दार त्याने मोडले होते. आलेले पाणी परत पाठवणाऱ्यातला तो नव्हता.

पाच मिनिटांत मसऊदा दारात उभी. हातात कुदळ, गुडघ्यापर्यंत कोरडी.

"कद्दूर, मेल्या, माझी वाटी कुठंय?"

"दोनदा हाक दिली."

"कोणाला? उंटाला? मी पाटाच्या दाराशी कुदळ घेऊन उभी. हाजीचं पाणी थांबायची वाट बघतेय, तर तू सरळ लख्दरचं नाव घेतलंस."

"हाक दिली, वाटी गेली. गेलेलं नाव परत घेता येत नाही."

"तुझ्या आईला मी बाळंतपणात तूप दिलं होतं," मसऊदा म्हणाली. "आज वाटतं, द्यायला नको होतं."

संध्याकाळी मोठाच घोळ झाला. दिवसाच्या सगळ्या पाळ्या संपल्या आणि रात्रीचा माणूस यायला एक पूर्ण वाटी बाकी. एक वाटी उरली. मसऊदाने ती घेतली, आणि साऱ्या गावाला कळले की कद्दूरने दहावी पाळी गाळली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

हाजी तय्यबची बाग मात्र त्या दिवशी दुप्पट भिजली होती. हाजी त्यावर काही बोलला नाही.

३

घरी कद्दूरने दोरी दिव्याखाली धरली. गाठी सतरा.

त्याची बायको यामना पीठ मळत होती. "मोजण्यात चुकलं असेल, अहो."

"तू मोज."

तिने पिठाच्या हाताने मोजल्या. "सतरा."

"मग?"

"मग एक गाठ जास्त पडली असेल."

"माझ्या हातून गाठ जास्त पडत नाही."

"मग दिवस जास्त पडला असेल," यामना म्हणाली आणि पिठाकडे वळली. "सरकारनं ईदेनंतर एक तास परत लावला ना? टाकला असेल कुठंतरी. आपलंच दार सापडलं असेल."

तिने थट्टेने म्हटले. कद्दूरला रात्रभर ते आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी तो कान देऊन बसला. बाहेर नेहमीचे आवाज होते. कप्पी करकरत होती. झाडावर कोणीतरी गात होते. मशिदीमागचे गाढव ओरडायला लागले होते. नववी वाटी डुबुक करून बुडाली.

गाढव अर्ध्यावर थांबले.

दमून नव्हे. त्याचा आवाज वर चढला होता आणि तिथेच राहिला, उतरलाच नाही. कप्पी नाही. गाणे नाही. फक्त पाटातले पाणी वाहत होते, आणि घंगाळात वाटी हलत होती.

कद्दूरने आधी कानावर संशय घेतला. त्याने टिचकी वाजवली. ऐकू आली. मग रक्तदाबावर. दवाखान्यातल्या बाईने त्याला मीठ कमी करायला सांगितले होते आणि त्याने केले नव्हते. मग त्याला भाकरीवरची माशी दिसली. ती भाकरीपासून चार बोटे वर होती. बसत नव्हती, उडत नव्हती. त्याने बोट लावले. ती थोडी बाजूला सरकली आणि तिथेच राहिली, गुळगुळीत फळीवर ठेवल्यासारखी.

मीठ कमी न केल्याने असे होते का, ते दवाखान्यातल्या बाईने सांगितले नव्हते.

या वेळी त्याने कोणाला हाक दिली नाही. ऐकणारे कोणी नव्हते. तो पाऊण तास माशीकडे बघत बसला. वाटी बुडाली, गाढवाने उरलेला सूर पुरा केला, माशी भाकरीवर बसली. कद्दूरने दहावीच्या माणसाला हाक दिली. त्याने "ऐकलं" म्हटले. कोणाची पाळी गळली नाही. तक्रार काहीच नव्हती.

संध्याकाळी गाठी सतरा. सोळाच मारायच्या होत्या तर ते त्याच्या हातात होते. पण बुडालेली वाटी न बुडाली म्हणणे त्याला जमले नाही. रात्रीच्या माणसाने दोरी मोजली आणि जाऊन हाजीला सांगितले.

४

गुरुवारी पंचायतीने लख्दरला फोन देऊन पाठवले. तो सकाळी सहालाच खोलीत येऊन बसला, जुन्या सहाला. सोबत चहाची किटली आणि बसायला स्वतःची उशी.

"प्रत्येक वाटीला मी इथं बोट दाबणार," लख्दर म्हणाला. "विज्ञान आहे हे."

"दाब."

"रागावू नकोस. मी तुझ्या भल्यासाठी आलोय."

"भलं करायला उशी लागते का?"

आठ वाट्या गेल्या. प्रत्येक पंचेचाळीस मिनिटांची. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. लख्दरला मनातून वाईट वाटले. नवव्या वाटीला पाणी काठाशी आले, तेव्हा लख्दर ग्लासात चहा ओतत होता.

"खरं सांगू का कद्दूर," तो म्हणाला, "वाटी चांगली आहे. पण तू आता..."

वाटी बुडाली.

लख्दरचे तोंड उघडे राहिले. किटलीतून निघालेली चहाची धार ग्लासापर्यंत पोचली होती आणि दोरीसारखी ताणून उभी होती. धारेभोवतीची वाफ हलत नव्हती. जुन्या वेळेवर लावलेल्या फोनवर पाऊण वाजून काही सेकंदांचा आकडा होता. तोच राहिला.

कद्दूरने वाटी रिकामी करून ठेवली, गाठ मारली, आणि लख्दरकडे बघत बसला. लख्दरचे वाक्य काय असेल याचा विचार करायला त्याच्याकडे पाऊण तास होता. त्याने चार उत्तरे जुळवली. तीन टाकून दिली. लख्दरच्या खालच्या दाढेत सोने होते, हे त्याला तेव्हा कळले.

वाटी बुडाली. चहा ग्लासात पडला.

"...म्हातारा झालास," लख्दर म्हणाला.

"मी म्हातारा झालो ते इथं बसून," कद्दूर म्हणाला. "तू दुसऱ्याच्या मोटारी जोडत झालास, आणि स्वतः बसनं आलास."

 इतके चोख उत्तर इतक्या लवकर कद्दूरकडून लख्दरला कधी मिळाले नव्हते. संध्याकाळपर्यंत तो उशीवर अवघडून बसला.

शेवटी फोनवर सोळा खुणा होत्या आणि बरोबर बारा तास. दोरीला गाठी सतरा.

"वाटी ठीक आहे," लख्दरने पंचायतीत सांगितले. "माणूस बिघडलाय."

हाजी तय्यबने ठरवून दिले. शनिवारी पंचायतीची सातही माणसे खोलीत बसतील. कद्दूरने तेव्हाही सतरा म्हटले, तर वाटी खाली आणि फोन वर.

"सोळा म्हणा की," यामना रात्री म्हणाली. "एका गाठीसाठी चाळीस वर्षं घालवता?"

"बुडाली ती बुडाली."

"मग दुसरं काहीतरी दाखवा त्यांना. नुसतं बुडाली बुडाली म्हणून कोण ऐकणार?"

५

शुक्रवारी ती जास्तीची वाटी लागली तेव्हा कद्दूर खोलीबाहेर पडला. चाळीस वर्षांत भरल्या वाटीवरून उठलेला तो पहिल्यांदा.

गल्लीत सावली तशीच होती. कोपऱ्यावर एका बाईने बादली ओतली होती आणि पाणी जमिनीला लागले नव्हते. बागेत एक माणूस खजुरीच्या शेंड्यावर होता. त्याने नर फुलोरा झटकला होता आणि पिवळी भुकटी त्याच्या हाताखाली हवेत उभी होती. कद्दूर तिच्याखालून वाकून गेला. डोक्याला लागली तर तिच्यात भोक पडेल आणि उद्या कोणीतरी विचारील, असे त्याला वाटले.

पाटातले पाणी त्याच्याबरोबर चालत होते. तेवढेच चालत होते.

तो आपल्या अकरा खजुरींपाशी पोचला. झावळ्या करड्या झाल्या होत्या. पाट तिथून सात पावलांवर. दार मोडायला कुदळीचे दोन घाव. कोणाचे पाणी कमी होणार नव्हते, कारण हे पाणी कोणाच्याच पाळीतले नव्हते. कोणी बघणार नव्हते. कद्दूर तिथे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हात पाठीमागे बांधले, म्हणजे ते भलतीकडे जाणार नाहीत.

तेवढ्यात गाढव ओरडले.

वाटी बुडाली होती. तो पळत सुटला. त्या वयात आणि त्या सपातांमध्ये जेवढे पळता येते तेवढा. बुडलेली वाटी जितकी तळाशी राहील तितकी पुढच्याची पाळी वाया जाते. तो मशिदीच्या कोपऱ्यावर असताना बागेतून आवाज आला.

"ऐकलं."

कद्दूर जागच्या जागी थांबला. मग चालत खोलीत गेला.

वाटी तरंगत होती. नुकतीच ठेवलेली, काठावरून थेंब गळत होते. दोरीला गाठ होती. कद्दूर डावखुरा, त्याच्या गाठीचा पीळ डावीकडे. या गाठीचा पीळ उजवीकडे होता. गाठ घट्ट होती. चांगली होती.

त्याने स्वतःला समजावले की गाठ आपणच मारली असेल, घाईत, दुसऱ्या हाताने. कधी ते त्याला समजावता आले नाही. संध्याकाळी त्याने दहावीच्या पाळीवाल्याला गाठले.

"आज दुपारी हाक ऐकू आली होती ना?"

"आली की, सी कद्दूर. स्पष्ट," तो माणूस मानाचे 'सी' लावून म्हणाला. "खरं सांगायचं तर आज तुमचा गळा काय लागला होता. रोज असाच लावा."

कद्दूर त्या रात्री जेवला नाही.

६

शनिवारी सात माणसे ओट्याभोवती बसली. खोली लहान, माणसे जाड. हाजी तय्यब मधोमध. लख्दर उशीवर, किटली बाजूला, फोन पुढे धरून. ओट्याच्या पलीकडचा कोनाडा तेवढा मोकळा होता, कारण तिथे ओल होती.

"कद्दूर," हाजी म्हणाला, "मनात राग ठेवू नकोस. गावाचा प्रश्न आहे."

"गावाचाच आहे, हाजी. तुमच्या बागेत मंगळवारी पाणी किती आलं?"

हाजीने जपमाळ काढली.

नववी वाटी बुडाली, आणि जपमाळेचा मणी बोटांत राहिला.

सातही जण थांबले. एकजण जांभई देत होता. एकजण दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होता आणि ऐकणाऱ्याचे हसू निम्मे उमटले होते. कद्दूरने वाटी लावली, गाठ मारली आणि झग्याच्या बाह्या वर केल्या. यामनाचे म्हणणे त्याने दोन दिवस चावून पचवले होते. या लोकांना दाखवावे लागणार होते.

त्याने सगळ्यांची पागोटी काढून ओट्यावर रचली. लख्दरच्या नाकावरचा चष्मा हाजीच्या नाकावर चढवला. सपाता अदलाबदल केल्या, डावी एकाची, उजवी दुसऱ्याची. फोन घेऊन किटलीत ठेवला. किटली रिकामी होती. तो इतका वाईट नव्हता. हे सगळे त्याने न हसता केले. मग पागोटी घालायला घेतली, दुसऱ्याचे पहिल्याला, तिसऱ्याचे दुसऱ्याला, भिंतीच्या कडेने सरकत, हाताने डोकी चाचपत. शेवटचे पागोटे घातले.

एक डोके उरले.

पागोटी सात होती. त्याने मोजून काढली होती. त्याने परत मोजले. पागोटी सात, डोकी आठ.

आठवे ओलीच्या कोनाड्यात होते, ओट्याला लागून. तो भिंतीकडे अर्धा वळून बसला होता. डोके भादरलेले आणि ओले. कोनाड्यात उजेड पोचत नव्हता आणि कद्दूरला तो पोचावा असेही वाटत नव्हते. दारातून कोणी आले नव्हते. दारात जांभई देणारा बसला होता.

कद्दूर आपल्या जागेवर जाऊन बसला. दुसरे काय करायचे ते त्याला सुचले नाही. वाटीचे पाणी काठाला येत होते.

कोनाड्यातून एक हात आला. बोटे पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात राहून राहून होतात तशी. कद्दूरची होती तशी. पण कद्दूरची चाळीस वर्षांची होती, आणि ही बोटे बघून चाळीस वर्षे म्हणजे काहीच नाही असे वाटत होते. हात घंगाळाच्या काठावर टेकला आणि थांबला. थांबण्याची पद्धत बरोबर होती.

डुबुक.

हाताने वाटी उचलली, एका झटक्यात रिकामी केली आणि थेंब न सांडता परत ठेवली. मग कोनाड्यात श्वास भरून घेतल्याचा आवाज आला. हाक द्यायच्या आधी घेतात तसा, पोटापासून.

आपल्या खोलीतून दुसऱ्याने हाक दिलेली कद्दूरला चालण्यासारखी नव्हती. तो आधी ओरडला. दहावीचे नाव त्याला पाठ होते. पण तोंडाला आले ते दुसरेच.

"कद्दूर बेन मिलूद, पाणी तुझं."

७

सात माणसे हलली. कोनाड्यात कोणी नव्हते.

"स्वतःचंच नाव घेतो?" लख्दर म्हणाला, आणि डोळे बारीक करून फोन शोधू लागला. हाजी तय्यब चष्म्यातून आपल्या हाताकडे बघत होता. हात त्याला फार लांब दिसत होता. मग पागोट्यांवरून गलका सुरू झाला. एकाने दुसऱ्याला चोर म्हटले. दुसऱ्याने आपली सपाता पहिल्याच्या पायात दाखवली. फोन किटलीत वाजू लागला, तेव्हा सगळ्यांनी किटलीकडे बघितले.

"डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच," हाजी हळू म्हणाला. "कद्दूर, हे सगळं तू कधी केलंस?"

"सतराव्या वाटीत."

त्यानंतर कोणी सोळा म्हटले नाही. हाजीने कबूल केले की मंगळवारी त्याच्या बागेत गुडघाभर पाणी होते आणि ती अल्लाची देणगी समजून तो गप्प बसला. बुधवारच्या, गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या नववीवाल्यांनाही तशीच देणगी मिळाली होती. कद्दूर खरा ठरला. त्याने मान ताठ केली, पण डोळे कोनाड्यावरून काढले नाहीत.

मग खरे भांडण लागले. जास्तीची वाटी कोणाची?

लख्दर म्हणाला, समान वाटा. जांभईवाला म्हणाला, आमच्या आजोबांच्या वेळी आमची एक वाटी बुडाली होती, ती हीच. मसऊदाने बाहेरून खिडकीत तोंड घालून आपला हक्क सांगितला. तिला कोणी बोलावले नव्हते. दोन तास गेले. कद्दूरने दहावीपासूनच्या वाट्या बिनचूक चालवल्या, एकही नाव चुकवले नाही. शेवटी हाजीने चष्मा काढला.

"नाव घेतलं गेलंय," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं. घेतलेलं नाव परत घेता येत नाही, हे कद्दूरच मसऊदाला म्हणाला. सतरावी वाटी कद्दूर बेन मिलूदची."

"मला नको," कद्दूर म्हणाला.

"तुझ्या अकरा खजुरी वाळून चालल्यात."

"चालू देत."

"नको म्हणता येत नाही, सी कद्दूर. पाणी बिनमालकाचं जात नाही." हाजीने आवाज खाली आणला. "आणि ज्याची पाळी, त्यानं वाटीवर बसायचं नाही. तो तुझाच कायदा. अर्ध्या वाटीसाठी तू एका माणसाला उठवलं होतंस."

 लख्दरसुद्धा खाली बघत होता.

"जागेवर कोण बसणार?" कद्दूरने विचारले.

"लख्दर. आपली पाळी सोडतोय तो. फोन नाही, वाटीवरच. फोन किटलीत मावतो, हे आम्ही बघितलं."

"आणि सतरावीवर? ती याला दिसणार नाही. हा थिजून बसेल. तेव्हा वाटी कोण उचलणार? हाक कोण देणार?"

"तुझी पाळी तुला कळेलच की," हाजी म्हणाला. "तिला हाक कशाला लागते?"

कद्दूरने त्यांना कोनाड्याबद्दल सांगायला तोंड उघडले. त्याने सातही तोंडांकडे बघितले. ती माणसे आधीच जेवणाचा विचार करत होती. त्याने दोरी लख्दरच्या हातात दिली आणि डोक्यावरचे पागोटे नीट केले.

"गाठ घट्ट मार," तो म्हणाला. "आणि उशी घरी ठेव."

८

रविवारी दुपारी तो आपल्या अकरा खजुरींखाली कुदळ घेऊन उभा होता. यामनाने त्याला नवी कुदळ दिली होती. ती सकाळपासून शेजारणींना सांगत फिरत होती की आमच्याकडे पाणी आले.

वाटीवरून उठल्यापासून त्याला वेळ कळत नव्हती. तो झाडाच्या सावलीकडे बघत होता. सावली त्याला अडाण्याचे काम वाटे. लख्दरच्या हाका सकाळपासून ऐकू येत होत्या. एकदाही पोटातून नाही, सगळ्या नाकातून. दोघांच्या बापांची नावे त्याने उलटी घेतली होती.

मग गाढव थांबले. कप्पी थांबली. शेजारच्या बागेतली बाई हसत होती, ते हसू अर्धे राहिले.

कद्दूरने कुदळीचा दांडा धरून ठेवला. कोणी हाक देणार नाही, असे त्याने मनाशी म्हटले. खोलीत लख्दर थिजलेला असणार, हात घंगाळाकडे, तोंड उघडे. हाक आली नाही तर पाळी नाही. पाळी नाही तर कुदळ खांद्यावर टाकून घरी.

"कद्दूर बेन मिलूद, पाणी तुझं."

झऱ्याकडून आली. सरळ, पोटापासून, न ओढता, न तोडता. बापाचे नाव आणि "पाणी" यांच्यामध्ये श्वासाची जागा सोडलेली, तिथे सोडायची असते तेवढीच. कद्दूरने चाळीस वर्षे ती जागा तेवढी सोडायचा प्रयत्न केला होता. कधी जमली, कधी नाही. त्याने हाकेत चूक शोधली. सापडली नाही.

त्याने उत्तर दिले नाही. तो उभा राहिला, आणि पाटातले पाणी त्याच्या समोरून जात राहिले.

दुसरी हाक आली. तेच नाव, तोच गळा. पण ती झऱ्याकडून आली नाही. ती मशिदीच्या कोपऱ्याकडून आली, जिथून बागेपर्यंत चालत यायला चाळीस पावले लागतात.

उत्तर मिळेपर्यंत हाक देणाऱ्याने खोली सोडायची नसते. हा मात्र उठून आला होता.

"ऐकलं," कद्दूर म्हणाला. घाईने म्हणाला. मग त्याने कोपऱ्याकडे पाठ केली, दोन घावांत दार मोडले आणि वाकून दोन्ही हातांनी माती बाजूला ओढू लागला.

पाणी आले. वेळेवर आले.